नकाशाचे खालचे दोन खिळे

हमीद मास्तर गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तुळजापूरच्या बसस्टँडवर, त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून. मातीला जाता आलं नाही... खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. त्यांच्या तोंडाकडं बघायची हिंमत गेली चाळीस वर्षं माझ्यात नव्हती.

निजामाच्या अमदानीच्या शेवटी आम्ही दोघं धाराशिवच्या एका शाळेत मास्तर होतो. ते इतिहासाचे, मी नवाच लागलेला गणिताचा. मी ईट गावचा, म्हणून ते मला 'ईटकर' म्हणायचे. शिकवणं सगळं उर्दूतून. घरी मराठी बोलणारी पोरं न समजताच पाठ करायची. पण युरोपातल्या धर्मसुधारणेचा धडा आला, की मास्तर खिडक्या लावून घ्यायचे, स्वतःचा युरोपचा नकाशा चार खिळ्यांवर ताणायचे आणि मराठीत सुरू व्हायचे. "एका जर्मन साधूनं चर्चच्या दाराला कागद ठोकला. म्हणाला, पैशानं पाप फिटत न्हाय. मग धर्मग्रंथ लोकांच्या बोलीत आला, छापखान्यानं घरोघर नेला. वाचता यावं म्हणून गावोगाव शाळा निघाल्या, बाया अक्षर शिकल्या. मठ ओस पडले, पाद्री संसाराला लागले..." दाराआडून मी ऐकत राहायचो. तेवढ्यात माझ्या तासाची घंटा व्हायची. धड्याचा पुढचा भाग मी कधी ऐकला नाही, आणि ऐकावा असं वाटलंही नाही.

त्या वर्षी दिवस वाईट होते. बाजार उन्हं असतानाच उठायचा, माणसं बोलता बोलता गप्प व्हायची. माझ्या डोक्यात मात्र तो साधू शिरलेला. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मी शाळेत गेलो, नकाशाचे खालचे दोन खिळे उपसले आणि मोठ्या दाराला कागद ठोकला : 'पोरांना पोरांच्या भाषेत शिकवा.' खाली नाव घातलं नाही. माझ्या शूरपणाची ऐपत तेवढीच.

शनिवारी सदर मुदर्रिसांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, कागद फाडला आणि आम्हाला ओळीनं उभं केलं. "किसने लगाया?" समोर मास्तरांच्या वर्गाचं दार उघडं होतं, नकाशाचे खालचे कोपरे वर वळलेले. मास्तरांनी तिकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी फरशीकडं बघत होतो.

"मैंने," ते म्हणाले.

दुपारी पोलीस यायच्या आत त्यांनी नकाशा गुंडाळला. मी दारात उभा होतो, मोठ्या दारातून परत उपसलेले ते दोन खिळे खिशात. "ईटकर, तुम्ही अर्धाच धडा ऐकलात," ते हळूच म्हणाले. "त्या कागदानंतर तिकडं पिढ्यान्पिढ्या गावं जळली. शेजाऱ्यानंच शेजाऱ्याचं घर दाखवलं. कागद बरोबरच होता... पण ठोकणाऱ्याला नंतर तिथं उभं राहावं लागतं." नकाशा त्यांनी शिपायाकरवी घरी धाडला. नोकरी गेली ती गेलीच.

पुढच्या भादव्यात पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. मास्तर तुरुंगातून घरी आलेले होते, आणि त्यांची मुसलमानांची गल्ली पेटली. कुणीतरी घर दाखवलं होतं. ते मी नव्हे; पण मी अडवायलाही गेलो नाही. शाळा मराठी झाली, यथावकाश मी तिचा हेडमास्तर झालो. मास्तरांनी शिकवण्या करून दिवस काढले. मी त्यांचा रस्ता टाळत राहिलो, दुसरं काय.

परवा, महिन्यानंतर, धीर करून गेलो. त्यांच्या लेकीनं, जुबेदानं, चहा दिला. समोरच्या भिंतीवर तोच नकाशा, एक कड काळी पडलेली. वर दोन खिळे, खालचे कोपरे वळलेले.

"खाली खिळे लावायचे ना," काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"अब्बांनी लावू दिले न्हाईत," ती म्हणाली. "म्हणायचे, त्ये दोन ईटकरांकडं हायेत, येतील तवा आणतील. तुमचं नाव काय म्हणालात?"

मी खरं आडनाव सांगितलं. गाव सांगितलं नाही. खिळे खिशातच होते, तसेच परत आणले.

या कागदाखाली मात्र नाव घालतोय, जुबेदा. उद्या खिळे घेऊन येतो.

ईटकर