कणगीतला ताप

आमच्या आत्यासारखी ठाम बाई मी दुसरी पाहिली नाही. नवरा गेल्यावर ती आमच्याकडंच राहायला आली आणि घरातल्या सगळ्या दुखण्यांचा कारभार तिनं आपणहून हाती घेतला. तिच्या मते ताप हा पाव्हणा. ठरल्या वेळी येतो, माणूस घरात सापडलं तर अंगात शिरतो, नाही सापडलं तर कंटाळून पुढच्या गावाला जातो. म्हणून तापाची पाळी असेल त्या दिवशी घराबाहेर राहून त्याला चुकवायचं. आमच्या कुरुंदा गावाच्या बाजूला तेव्हा सगळेच चुकवायचे. कुणी रानात जाऊन बसे, कुणी शेजाऱ्याच्या माळवदावर. ताप मात्र कुणाचा पत्ता विसरल्याचं ऐकिवात नाही.

माझा ताप एक दिवसाआड यायचा, आणि आमच्या मास्तरांची रीत अशी की रोज एक नवा पाढा. अकराचा झाला तेव्हा मी शाळेत, बाराच्या दिवशी गोधडीत. तेराला शाळेत, चौदाला परत गोधडीत. पंधराचा पाढा मी धडाधडा म्हणायचो आणि सोळाला माझी दातखीळ बसायची.

“काहून रे, पंधरा येतो अन् चौदा येत न्हाई?” मास्तर कपाळाला हात लावून विचारायचे. प्रश्न बराबर होता. छड्या तेवढ्या माझ्या हातावर.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, असाच पाढ्यांत अडला होता. वडिलांनी त्याला मठ्ठ ठरवलं, शाळेतून काढलं आणि गुरांमागं लावलं. आता माझ्यावर नजर होती.

“मोहतमीम साहेब येऊन राहिलेत,” वडील म्हणाले. “त्याईनं नापास केलं की तूबी दादासंगं ढोरामागं.”

मोहतमीम म्हणजे निजामाचा, शाळा तपासणारा साहेब. ढोरांची मला भीती वाटायची, ते असो. पण खरं सांगतो, मला पाढे आवडायचे. अर्धे का होईना. शाळा सुटली तर पुढचे पाढे मला कोण शिकवणार?

आणि साहेब आला तो नेमका माझ्या तापाच्या पाळीच्या दिवशी!

“काई घाबरू नको,” आत्या म्हणाली. “तापाला चकवू, मंग जा साळंला.” तिनं मला उचलून कणगीत उतरवलं. सुगीच्या आधीची रिकामी कणगी, धान्य ठेवायची, तुराट्यांची, शेणानं सारवलेली. वरून सूप झाकलं. “हूं की चूं करू नको. आवाज आला की त्याला कळंल.”

थोड्या वेळानं मास्तरच धापा टाकत दारात. तापालाही ऐकू जावं म्हणून आत्या वेशीपर्यंत आवाज जाईल अशी ओरडली, “पोरगं न्हाई घरी! गोरेगावला गेलं, मामाकडं!”

मास्तर दारातूनच आत डोकावले. “अवो, साहेब बसलेत वर्गात. आज न्हाई आलं तर नापासच की ते!”

मी आत रडकुंडीला आलो. ओरडावं तर आत्या कोपणार, गप्प राहावं तर शाळा जाणार. तेवढ्यात ताप आलाच. अशी हुडहुडी भरली की कणगीसकट हलायला लागलो. सूप घरंगळत मास्तरांच्या पायाशी गेलं.

“आत्याबाई,” मास्तर म्हणाले, “तुमचं गोरेगाव हलून राहिलंय की!”

दादा भाकर न्यायला घरी आला होता. त्यानं मला गोधडीसकट पाठीवर घेतलं आणि शाळेत नेऊन साहेबांपुढं ठेवलं. दात वाजत होते तरी मी तेराचा पाढा म्हटला, पंधराचा म्हटला. चौदाला अडलो. साहेबांनी डोळे बारीक केले.

“चौदह का पहाडा हुआ, उस दिन कहाँ था?”

“गोधडीत, साहेब.”

“और बारह के दिन?”

“गोधडीतच.”

साहेब हसायला लागले. मग उठून त्यांनी माझ्या डाव्या बरगडीखाली, हिवतापानं प्लीहा सुजते तिथं, बोटं दाबली, तसा मी कळवळलो. “मास्टर,” ते म्हणाले, “दिमाग बराबर है. इसको पहाडा नहीं, कुनैन दो.” दौऱ्यासाठी जवळ ठेवलेल्या, हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्यांची पुडी त्यांनी माझ्या हातात दिली आणि मला पास केलं. आत्या मरेपर्यंत सांगत राहिली की ताप कणगीनंच गेला, गोळ्या उगीच खाल्ल्या.

परत येताना मी दादाच्या पाठीवरच होतो. पास झाल्याच्या आनंदात आणि तापाच्या भरात माझी बडबड चालली होती. पांदीच्या वाटेवर आल्यावर दादानं मला खाली उतरवलं आणि स्वतःच्या डाव्या बरगडीखाली, साहेबांनी दाबलं होतं तिथंच, बोटं दाबून पाहिली.

“मलाबी असाच यायचा,” तो म्हणाला. “एक दिसाआड. त्या तापानं हुकले व्हय माझे पाढे? मी समजलो, मला येतच न्हाईत.”