नापास झालेली मूठ

आमच्या विद्यापीठानं एका पेरणाऱ्या बाईला फसवलं, आणि त्या फसवणुकीच्या कागदावर सही माझी आहे. हे आधीच सांगून टाकतो.

हिंगणघाटला माझं शेती अवजारांचं दुकान आहे. मृग तोंडावर आला की नव्या पेरणीयंत्रांच्या पेट्या येतात, आणि त्या उघडल्या की ताज्या रंगाचा, ग्रीसचा आणि दमट पुठ्ठ्याचा मिळून एक वास दिवसभर शटरच्या आत कोंडून राहतो. याच वासात मी शिकलो, याच वासावर घर उभं केलं. यंदा एका पेटीतून माहितीपत्रक निघालं. चकचकीत कागद, त्यावर दोन रेषांचा आलेख. यंत्राच्या पेरणीची रेष ताठ, हाताच्या पेरणीची वेडीवाकडी, आणि खाली बारीक अक्षरांत ‘विद्यापीठाच्या चाचणीत सिद्ध’. समोर गिऱ्हाईक भाव पाडून मागत होतं. एरवी मी त्याला तासभर खेळवलं असतं, पण मला त्याचं बोलणं ऐकू येईना. ती वेडीवाकडी रेष मी ओळखली होती. ती मीच काढली होती.

सेलूजवळच्या आमच्या गावातून कृषी अभियांत्रिकीला गेलेला मी पहिलाच. सुट्टीत घरी आलो की पारावरची मंडळी विचारायची, “काय करून राह्यला बे तू तिथं? नांगराले हॉर्न बसवाचं शिकून राह्यला काय?” मी चिडायचो, आणि मी चिडतो म्हणूनच ते विचारायचे. पण मनातून मला त्या विद्यापीठाचा केवढा अभिमान होता! नजर पोचेल तिथपर्यंत त्याचीच जमीन, प्रत्येक तुकड्यावर पत्र्याची पाटी, पहाटे वसतिगृहाच्या खिडकीतून येणारा पाणी दिलेल्या वाफ्यांचा गारवा. कार्यशाळेत लेथवर पहिल्यांदा लोखंड सोललं तेव्हा त्याची निळसर साल मी खिशात घालून आणली होती. प्रयोगशाळेत अवजारं तपासायला मातीचा एक लांबलचक हौद होता. त्यातली माती चाळलेली, खडा नाही, धसकट नाही, ओल हवी तेवढीच. त्या हौदात कुठलंही यंत्र शहाण्यासारखं चालायचं. अशी माती वर्धा जिल्ह्यात कुठं असते, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडायला हवा होता.

शेवटच्या वर्षी प्रकल्पासाठी माझ्या मार्गदर्शक सरांनी मला तूर पेरायचं यंत्र दिलं. त्यांनीच बनवलेलं, त्यांच्या फार जिवाचं. यंत्रानं दोन दाण्यांत किती सारखं अंतर राखलं ते मोजायचं आणि शेजारी हाताची पेरणी करून तुलना करायची. अशा तुलनेच्या तुकड्याला ‘कंट्रोल’ म्हणतात. सर म्हणाले, तुझ्याच गावात कर, म्हणजे खऱ्या शेतातली चाचणी झाली असं लिहिता येईल.

हाताच्या पेरणीला मी गावातल्या मावशींना बोलावलं. नात्याच्या नव्हेत, पण साऱ्या गावाच्याच मावशी. तिफणीमागं दोरीनं बांधलेली, वर नरसाळं बसवलेली एक नळी असते. तिला आमच्याकडे सरता म्हणतात. तो एका हातात धरून, दुसऱ्या मुठीतून एकेक दाणा सोडत बैलांच्या चालीनं दिवसभर चालायचं. मावशींची मूठ पंचक्रोशीत नावाजलेली. पेरणीच्या दिवशी तिफणीला हळदकुंकू लागलं की दुसरं बोट त्यांच्या कपाळाला लागायचं. मोठमोठे शेतकरी आदल्या दिवशी त्यांच्या दारात येऊन सांगायचे, “मावशी, उद्या आमच्याकडं येजा.” त्यांना स्वतःचं शेत नव्हतं. मान होता तो त्या मुठीचा.

मी त्यांना विचारलं, नजर तर समोर असते, मग अंतर कसं कळतं? त्या हसल्या. “डोयानं नाई बापू, कानानं पेराव लागते. दाना खाली गेला का नळीत वाजते. वाजला नाई मंजे चिखल बसला. मंग थांबाव लागते.”

पेरलेल्या ओळी मी रंगाच्या ब्रशानं उकरल्या. गुडघ्यांवर बसून, पट्टी लावून, दाण्यामागून दाणा. मावशी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, ओरडल्या, “काय शोधून राह्यला बापू? अंगठी पडली काय?”

“तुमचे दाने मोजून राह्यलो, मावशी.”

“मोज मोज. एखांदा कमी भरला तं सांगजो, घरून आणून देईन.”

कमी भरला नाही. वीतभर अंतरावर दाणा, पुन्हा वीतभर अंतरावर दाणा, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि यंत्राची नळी आमच्या काळ्या चिकट मातीनं तुंबली होती. त्याला कान नव्हते, त्यामुळे ते रिकामंच पुढं गेलं होतं. मी दोनदा मोजलं, तिसऱ्यांदाही मोजलं. कंट्रोल जिंकला होता.

सरांनी नोंदवही चाळली आणि चष्मा काढून ठेवला. “अरे, कंट्रोल जिंकला तर मग तू संशोधन कशाचं केलंस?”

“सर, मोजलं तेच लिहिलंय.”

“गुडघ्यावर बसून मोजलेलं अचूक असतं का? यंत्राचे आकडे हौदातले घे. आणि बाईचा प्लॉट जरा नीट बघ.”

“नीट म्हणजे?”

“म्हणजे तुला यंदाच पास व्हायचंय ना?”

मी घासाघीस करणारा माणूस. भाजीवाल्याशी भांडतो, कंपनीच्या साहेबाशी भांडतो. पण त्या टेबलाशी मी एका शब्दानंही घासाघीस केली नाही. पहिल्या भावालाच सौदा केला. एका दुपारीत मावशींची रेष वाकडी केली, खाली सही केली. नोंदवही सरांनी कपाटात ठेवून घेतली.

पुढं आमच्याच गावात यंत्राचं प्रात्यक्षिक झालं. मंडपात तो आलेख हातभर मोठा करून टांगला होता आणि मी त्याशेजारी इस्त्रीचा शर्ट घालून उभा होतो. ज्यांच्या पेरणीला मावशी वर्षानुवर्षं गेल्या, त्यातलाच एक शेतकरी सगळ्यांदेखत हसून म्हणाला, “मावशी, तुमची मूठ तं विद्यापीठात नापास झाली म्हन्ते!” मंडप हसला. मावशी हसल्या नाहीत. त्या आलेखापाशी आल्या, ती रेष खालपासून वरपर्यंत बोटानं फिरवून पाहिली आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, “बापू, तूच मोजलं होतं न? मंग काऊन नापास झाली मी?”

मी म्हणालो, “मावशी, मशीनचं वेगळं राह्यते.”

त्या पावसाळ्यात आदल्या दिवशी सांगायला त्यांच्या दारात कुणी गेलं नाही. त्यानंतरही नाही. त्या दुसऱ्यांच्या निंदणाला जाऊ लागल्या, बायकांच्या ओळीत, शेवटून कुठंतरी.

माहितीपत्रक हाती आलं त्याच आठवड्यात मी विद्यापीठात गेलो. म्हटलं, माझ्या प्रकल्पाच्या प्रबंधात खरं पान लावा, माझी पदवी काढून घ्यायची तर घ्या. विभागातले आताचे साहेब म्हणाले, रेकॉर्ड बदलता येत नाही. जुन्या नोंदवह्या कुठं आहेत ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्या बाईची तक्रार आहे का, असं त्यांनी वर मलाच विचारलं. मी टेबलावर हात आपटला. शिपाई पाणी घेऊन आला. मग निवृत्त सरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, “तू तर तीच यंत्रं विकतोस. मग तुझी तक्रार काय?”

माझी तक्रार ऐका, सर. यंत्र यायचंच होतं. बैल गेले, तिफणी माळ्यावर गेल्या, मजूर मिळेना. तुमच्या यंत्रातही पुढं सुधारणा झाल्या, आज ते चांगलं पेरतं, म्हणून मी विकतो. काळापुढं मावशींची मूठ टिकली नसती, हे मलाही कळतं. पण काळानं संपवणं वेगळं आणि खोटं लिहून हरवणं वेगळं. चार पावसाळ्यांनी ती मूठ आपसूक थांबली असती, तर मावशी म्हातारपणी नातवंडांना सांगू शकल्या असत्या की आपल्यासारखी तूर कुणी पेरली नाही. तेवढंच त्यांच्याजवळ उरायचं होतं. तेही आपण दोघांनी काढून घेतलं, आणि ते छापून अजून घरोघर वाटलं जातंय.

मावशी अजून आहेत. कान जरा कमी झालेत, म्हणून मोठ्यानं बोलावं लागेल. मी काय केलं ते मी त्यांच्या ओट्यावर बसून सांगणार आहे, पण अर्धं उत्तर तुमच्याकडं आहे. ती वही शोधा, नसेल तर रिकाम्या हातानं या, आणि त्यांच्यासमोर सांगा की त्यांची रेष सरळ होती. दिवस तुम्ही ठरवा, सर. गाडी मी पाठवतो.