इरा आतच राहिली

सकाळी वाचनालयाचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात नांदेडहून माझ्या जुन्या वाचक वैशालीचा फोन आला. "चाचा, बाई गेल्या," एवढंच ती बोलली. मी शटर तसंच सोडून पायरीवर बसलो. मग तीच म्हणाली, "मला एकदम ते शेवटचं पान आठवलं… तुम्हाला?" मला तर तो सगळा महिनाच आठवला होता. त्या फोनला आता पाच आठवडे झाले. उदगीरला लिंगायत रीतीनं बाईंना समाधी दिली, तेव्हा मूठभर माती टाकताना डोळे भरून आले होते. पण खरं सांगतो, त्यांच्याविषयी बोलायला बसलो की अजूनही माझा आवाज चढतो, हात हलायला लागतात. एका कादंबरीच्या शेवटावरून अख्खी गल्ली भांडताना मी आयुष्यात एकदाच पाहिली, आणि ती बाईंमुळे पाहिली.

बाई म्हणजे महानंदा शेटे. उदगीरच्या एका शाळेत विज्ञान शिकवायच्या. माझं वाचनालय लातूरला, क्लासेसच्या गर्दीत. वर मुलींचं होस्टेल, समोर मेस, डावीकडे-उजवीकडे डॉक्टर-इंजिनीअर झालेल्या पोरांचे फोटो असलेले फलक. माझ्याकडे मुलं यायची ती गाईड आणि जुन्या प्रश्नपत्रिकांसाठी. एका दुपारी सुती साडीतल्या, धुळीनं माखलेल्या चपलांच्या एक बाई आत आल्या आणि टेबलावर एक पुस्तक ठेवून म्हणाल्या, "मी लिहिलंय. कुणी वाचलं तर कळवा. नाही वाचलं तरी कळवा, म्हणजे मी वाट बघत बसणार नाही."

'मौनगड'चा तो पहिला भाग. एका भयंकर भूकंपानंतर उरलेल्या माणसांभोवती राज्यकर्ते भिंत बांधतात. आत एकच कायदा. मेलेल्यांचं नाव घ्यायचं नाही, रडायचं नाही. रडलं की जमीन पुन्हा हलते, असं पोरांना पाळण्यापासून शिकवलेलं. हुशार मुलांना वरच्या मजल्यावरच्या खोल्यांत वर्षानुवर्षं कोंडून पुढच्या धक्क्याचं गणित मांडायला लावतात. सोळा वर्षांची इरा त्यातलीच एक, गणिताच्या कागदाच्या मागं हरवलेल्या भावाचं नाव लिहिणारी. पहिली प्रत नेणारा रेणापूरचा बालाजी दोन दिवसांत धावतच परत आला. "चाचा, हे तर आमचंच हाय की! ह्या बाईंना आमची खोली कुणी दाखवली?" त्यानंतर मी प्रश्नपत्रिका खालच्या फळीवर सरकवल्या.

तीन भाग आले, तीन वर्षं गेली. मुलांच्या बॅचा बदलल्या, पण जाणारी मुलं येणाऱ्यांच्या हाती इरा देऊन जायची. बारावी करून गावी गेलेल्यांचे फोन यायचे, "चौथा आला का हो?" तो आला त्या दिवशी मी येण्याआधीच पायऱ्यांवर तीसेक पोरं बसलेली. प्रती वीस. मग एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं असं सुरू झालं. मेसवाल्या काकू पोळ्या थांबवून दारात येऊन उभ्या! इरा मौनगडाचं दार उघडते, माणसं आपापल्या मेलेल्यांची नावं ओरडत बाहेर धावतात, हे वाचताना त्या पोरांनी असा जल्लोष केला की वरच्या होस्टेलच्या खिडक्या उघडल्या. आणि मग शेवटचं पान. सगळे बाहेर पडल्यावर इरा मागं वळते, आत जाते, आणि दार ओढून घेते.

वाचणाऱ्या मुलीनं पान उलटून पाहिलं, मागं कोरं होतं. "फाटलं का काय पुढचं?" बालाजी म्हणाला. त्याची बारावी कधीच झाली होती, पण चौथ्या भागासाठी तो खास रेणापूरहून आला होता. मग जे सुरू झालं! एकीनं पुस्तक टेबलावर आपटलं, "घ्या तुमची कादंबरी!" आणि तासाभरानं रडून लाल झालेल्या डोळ्यांनी तेच पुस्तक पुन्हा घेऊन गेली. 'इरा हरली'वाले आणि 'इरा जिंकली'वाले मेसमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर बसू लागले. बालाजीनं नवा शेवट लिहिला, त्याच्या झेरॉक्स काढल्या आणि वाचनालयाच्या प्रत्येक प्रतीत मागं चिकटवल्या. एका क्लासच्या सरांनी सात प्रती जप्त केल्या. मी हात जोडून मागायला गेलो, तर त्यांनी पोरांच्या नुकसानीवर मला पंधरा मिनिटं सुनावलं आणि सहाच प्रती दिल्या. सातवीचं विचारलं तर खाली बघत म्हणाले, "सोमवारी देतो. माझी वीस पानं राहिलीत."

वैशाली मात्र भांडली नाही. मुखेडची मुलगी, मेडिकलसाठी दुसऱ्यांदा बसलेली. ती पुस्तक देऊन बाकावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशीही तशीच. क्लासला गेली नाही, जेवली नाही. मी विचारलं तर म्हणाली, "मला बाईंशी बोलायचं हाय." तिचा चेहरा पाहून मला धास्ती वाटली. मी उदगीरला फोन लावला. "बाई, पोरं चिडलीत." त्या हसल्या. "लई?" म्हटलं, "लई. आणि एक पोरगी चिडलेली नाही, तिची मला काळजी वाटून राहिली." त्यांचं हसू थांबलं. "रविवारी येते," म्हणाल्या.

रविवारी क्लासची परीक्षा सुटल्या सुटल्या पोरं लोटली. बसायला जागा उरली नाही म्हणून कपाटं ढकलली. बाई मधोमध सतरंजीवर. एका मुलानं उभं राहून विचारलं, "चार भाग आम्ही तिच्यासंगं पळालो, बाई. तुम्ही तिला आत कोंडून आम्हाला काय दिलं?" टाळ्या वाजल्या. बाईंनी मग सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. त्यांचं माहेर औसा तालुक्यात. भूकंपात धाकटा भाऊ गेला. गाव उठून दुसरीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये गेलं, पण त्यांची आई पडक्या घरापाशीच बसून राहिली. "सगळे म्हणाले, म्हातारी खचली. मीही तेच म्हणाले, हाताला धरून ओढलं तिला… ती म्हणाली, महानंदा, मला कुणी कोंडलं नाही गं. मी थांबले. सगळेच गेल्यावर ह्याचं नाव हितं कोण घ्यावं? मला हे कळायला लई वर्षं लागली. म्हणून इरा आत गेली."

खोलीत हुंदके ऐकू येत होते. तेवढ्यात मागून वैशाली उठली. "बाई, तुमच्या आईला थांबायचं होतं. इरालाबी थांबायचं होतं. हाव, ते पटलं मला. पण मला थांबायचं न्हाई." सगळ्या माना मागं वळल्या. "मला डॉक्टर व्हायचं न्हाई, बाई. हे मी कुणालाच सांगितलं न्हाई अजून." बाई उठल्या, पोरांमधून वाट काढत तिच्यापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "मग दार तुझ्या हातात आहे. चल, मी येते सोबत."

आणि खरंच गेल्या! दुसऱ्या दिवशी मुखेडच्या एसटीत दोघी शेजारी बसल्या. वैशालीचे वडील शिवणकाम करायचे. बाईंनी त्यांना उपदेश केला नाही. "मी सांगायला आले नाही, हिचं ऐकून घ्या म्हणायला आले," एवढंच बोलल्या. वडील भडकले. कादंबरीनं पोरगी नासवली म्हणाले, बाईंना चहाही विचारला नाही. वर्षभर त्यांनी बाईंचं नाव काढू दिलं नाही. तरीही वैशालीनं नांदेडला भूगर्भशास्त्राला प्रवेश घेतला. आज ती गावोगाव फिरून विहिरींचं पाणी मोजते, कुठं खणावं आणि कुठं खणू नये ते सांगते. समाधीच्या दिवशी तिचे वडीलही आले होते. सगळ्यांच्या मागं टोपी काढून उभे होते, आणि मी दिसताच म्हणाले, "त्या दिवशी चहा द्यायला पायजे होता हो."

गेल्या आठवड्यात, दुपारी, मला आणखी एक फोन आला. विश्वनाथअण्णांचा, बाईंच्या यजमानांचा. उदगीरच्या मोंढ्यात त्यांची धान्याची आडत आहे. तूर-हरभऱ्यात आयुष्य गेलेला माणूस. संसार चाळीस वर्षांचा, पण बायकोचं एक पान वाचलेलं नव्हतं. बाई गेल्यावर त्यांनी पहिला भाग दुकानात नेला, आणि पोत्यांना टेकून रोज थोडं थोडं वाचत गेले. मी फोन उचलताच ते एकदम ओरडलेच. "अन्वरभाई, ती पोरगी आत का गेली हो? दार उघडं होतं की! तुम्ही एवढी शिकलेली माणसं, कुणी हिला सांगितलं न्हाई का, असं लिहू नको म्हणून?"

"सांगितलं होतं, अण्णा," मी म्हणालो. "अख्ख्या लातूरनं सांगितलं होतं."

"मग?"

"ऐकलं नाही त्यांनी."

पलीकडे अण्णा रडत होते की हसत, क्षणभर कळेना. दोन्हीही असावं. "माझं तरी कधी ऐकलं तिनं," ते म्हणाले, आणि लगेच पुढं म्हणाले, "ते बालाजी का कोण, त्यानं दुसरा शेवट लिहिलाय म्हणे. तो पाठवा मला. वाचून तर बघू… आन् मग सांगतो, कुणाचं बरोबर हाय ते."