नावं ठेवण्याचा क्लास

टेस्टिंगवाल्यांचे किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत हो! दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेणारी माणसं एकत्र बसली, की पहिल्या चहाला ऑफिसच्या चुका निघतात आणि दुसऱ्या चहाला एकमेकांच्या. आमचे तर नोकरी लागायच्या आधीचेच इतके साचलेत, की मागच्या रविवारी वर्ध्यात सगळे भेटलो तेव्हा हसता हसता माझा चहा पार गार झाला. म्हटलं, लिहूनच काढते एकदाचं. नाहीतर स्नेहल स्वतःचा किस्सा माझ्या नावावर खपवायला कमी करत नाही!

तर आमचं टोळकं असं. मी अश्विनी, वर्ध्याची. स्नेहल सेवाग्रामची. प्रवीण आर्वी तालुक्यातल्या रोहण्याचा, घरी वांगी, टमाटर, मेथीचा भाजीपाला. आणि आमचे गुरू संदीपभाऊ. भाऊंनी पुण्यात बरीच वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, आता ते घरून काम करतात. संध्याकाळी सावंगीला एका मेसच्या वरच्या खोलीत ते आम्हाला शिकवायचे. खाली मेडिकलची पोरं जेवायची आणि वर आम्ही एकमेकांचे खोटे खोटे इंटरव्ह्यू घ्यायचो.

*

पहिल्याच दिवशी भाऊ म्हणाले, "इंटरव्ह्यूत समोरचा काहीही पुढं ठेवते आन म्हणते, हे टेस्ट करून दाखवा. पेन, लिफ्ट, काहीही! आपून आज खुर्चीपासून सुरू करू. ज्या खुर्चीवर बसले, तिच्यात काय चूक आहे सांगा."

मी म्हटलं, "किती वजन पेलते ते पाहीन."

स्नेहल म्हणाली, "जाड्या माणसाले बसवून पाहीन, बारक्याले बसवून पाहीन, आन एकाच खुर्चीवर दोघं बसले त काय होते तेही पाहीन!"

भाऊ एकदम खूश. मग प्रवीणची पाळी आली.

"मस्त आहे जी," प्रवीण म्हणाला.

"काहीच चूक नाई?"

"नाई जी. मस्त आहे."

"मंग आल्यापासून तिरपा काऊन बसून राह्यला बे?"

प्रवीण उठला. खुर्चीला मधोमध ही एवढी मोठी चीर! बसलं की उघडायची आणि हललं की मिटायची.

"चिमटा घेते ना जी," तो हळूच म्हणाला.

"अबे, मंग सांगत काऊन नाई?"

"तुमची खुर्ची आहे जी. आपून पाव्हणे. लोकाच्या घरी जाऊन कसं नाव ठेवाचं?"

भाऊंनी कपाळावर हात मारला. पोरगं टेस्टर व्हायला आलं होतं आणि नाव ठेवायला लाजत होतं!

*

स्नेहलचा पहिला इंटरव्ह्यू फोनवर झाला. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' हे बाईंनी इंग्रजीत घोकून घोकून पाठ केलेलं. नाव, गाव, शिक्षण, वडील काय करतात, आवड, सगळं एका दमात. भाऊ ओरडत होते, "पाठ करू नको, बोल!" पण ऐकेल तर ती स्नेहल कसली!

फोन आला. तिने सुरू केलं. गावापर्यंत पोचली आणि पलीकडच्या मॅडमनी मध्येच विचारलं, "ओह, सेवाग्राम? इज इट फार फ्रॉम नागपूर?"

झालं. गाडी रुळावरून खाली! स्नेहलने उत्तर दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. नाव, गाव, शिक्षण... तेवढ्यात मॅडमनी कॉलेजबद्दल काहीतरी विचारलं. पुन्हा उत्तर, पुन्हा नावापासून सुरुवात! मग आवडीबद्दल विचारलं. पुन्हा तेच!

शेवटी मॅडमच म्हणाल्या, "येस येस, अँड युवर फादर वर्क्स इन अ कँटीन, अँड यू लव्ह रांगोळी. आय नो, स्नेहल. नाऊ प्लीज, टेल मी अबाउट टेस्टिंग!"

*

आता माझा ऐका. मे महिन्याची दुपार, माझा ऑनलाइन इंटरव्ह्यू. मे महिन्यातलं वर्धा म्हणजे काय ते वर्ध्याच्या माणसाला सांगायला नको. खोलीत आमचा कूलर धाडधाड चालू.

समोरचे सर बेंगळुरूचे. दोन मिनिटांनी म्हणाले, "अश्विनी, आर यू ट्रॅव्हलिंग इन अ ट्रेन?"

मी आईला खूण केली. आईने कूलर बंद केला. आवाज गेला, पण हवाही गेली! कपाळावरून घाम, नाकावरून घाम, चष्मा घसरून ओठांवर. मी रिग्रेशन टेस्टिंग समजावून सांगतेय, म्हणजे नवीन काही जोडल्यावर जुनं बिघडलं का ते तपासणं, आणि सरांचा चेहरा हळूहळू कनवाळू होत चाललेला.

"रिलॅक्स, अश्विनी. डोन्ट बी सो नर्व्हस. ड्रिंक सम वॉटर."

माझी सटकली. म्हटलं, "सर, आय ॲम नॉट नर्व्हस. आय ॲम इन वर्धा!"

सर इतके हसले, इतके हसले, की पुढचा अर्धा इंटरव्ह्यू आम्ही उन्हाळ्यावरच बोललो. नोकरी मिळाली बरं का मला तिथेच, तीही घरून करायची!

*

भाऊंनी बग रिपोर्ट, म्हणजे सापडलेल्या चुकीची नोंद, लिहायला शिकवला तो आठवडा मेसवाल्या काकूंना जड गेला. काय व्हायला हवं होतं, काय झालं, कितीदा होतं आणि किती गंभीर आहे, एवढं लिहायचं असतं. स्नेहलला सराव करायचाच होता. ती ताट घेऊन थेट काकूंसमोर उभी!

"काकू, अपेक्षित निकाल, वरण. प्रत्यक्ष निकाल, पाणी. कितीदा होते? रोज. गंभीरता? लय!"

काकूंनी कढईतला चमचा उचलला, चाखला आणि म्हणाल्या, "मले त बरोबर लागते."

वर जिन्यात उभे असलेले भाऊ टाळ्या वाजवत खाली आले. "पोट्टेहो, याच त अस्सल डेव्हलपर! कोणतीही चूक घेऊन जा, त्याचं पहिलं उत्तर हेच राह्यते. माह्याकडं त बरोबर चालते!"

स्नेहल हटणार नव्हती. तिने साक्षीला प्रवीणला ओढलं. "सांग रे, वरण पातळ आहे का नाई?"

प्रवीणने काकूंकडे पाहिलं. काकूंनी प्रवीणकडे पाहिलं. आणि याने वाटी पुढे केली! "मस्त आहे काकू. वाढा अजून."

आमचा रिपोर्ट तिथेच बंद. त्या दिवसापासून प्रवीणला पापड जास्तीचा आणि आम्हाला तेच पाणी!

*

इथपर्यंत आम्ही हसत होतो. पण मग प्रवीणचा नागपूरला इंटरव्ह्यू झाला. मी आणि स्नेहल मुद्दाम सोबत गेलो होतो. तिथल्या सरांनी त्याला एक लॉगिनचं पान दिलं आणि म्हणाले, "बघ, कसं वाटतं? मीच बनवलंय."

प्रवीण बाहेर आला तो चेहरा पाडूनच. परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "काय रे, चुका सापडल्या नाई का?"

आणि याने सुरुवात केली! पासवर्ड चुकीचा टाकला तरी आत जाता येतं. फोन नंबरच्या जागी अक्षरं चालतात. मागचं बटण दाबलं की सगळं पुसलं जातं. बुटीबोरी गेलं, सेलडोह गेलं, तरी याच्या चुका संपेनात. आमच्या दोघींच्या डोक्यातही आल्या नसत्या अशा एकेक चुका!

"मंग सांगितलं काऊन नाई, बह्याड?" स्नेहल बसमध्येच ओरडली. "तू काय सांगितलं त्यायले?"

"मस्त आहे जी म्हटलं," प्रवीण म्हणाला. "त्यायनं सोता बनवलं होतं ना. इतक्या हौसेनं दाखवून राह्यले होते. तोंडावर कसं सांगाचं?"

आम्हाला हसू आलं, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग त्याने घरचं सांगितलं. पहाटेची तोडणी, बाजार, सगळं विनोददादा आणि वहिनी ओढत होते, याला शिकता यावं म्हणून. आणि आता बाबांनी सरळ सांगितलं होतं, "दसऱ्यापर्यंत करून पाय. नाई जमलं त बजारातलं दुकान सांभाळ. तुह्या दादानं किती दिवस एकट्यानं कराचं?"

"बाबा चुकीचं नाई बोलत," प्रवीण म्हणाला. "शेतीले मी कमी समजत नाई. पण मले हे काम लय आवडते गं. चूक दिसली का मले रात्री झोप नाई येत. फक्त तोंड उघडत नाई."



*

दुसऱ्या दिवशी भाऊंनी फर्मान काढलं. "प्रवीण, आजपासून रोज एका माणसाले त्याच्या तोंडावर त्याची चूक सांगाची. नाई सांगितली त क्लासले नाई येजो!"

पहिल्या दिवशी त्याने बसच्या कंडक्टरला निवडलं आणि ऐन वेळी त्याचं "साहेब, शर्ट छान आहे" असं कौतुक करून आला. दुसऱ्या दिवशी वहिनीला म्हणाला, "वहिनी, भाजीत तेल जरा जास्त झालं." वहिनी म्हणाल्या, "हो का? मंग उद्यापासून तुमीच करा!" आणि खरंच आठवडाभर याला पोळ्या लाटाव्या लागल्या. विदर्भाचा नकाशा दिसतो का म्हणून दादा रोज ताटात निरखून बघायचा!

पण खरी मजा चुलतभावासाठी मुलगी पाहायला गेले तेव्हा झाली. पाव्हणे मंडळी ओळीने बसलेली, पोहे आले, सगळे "वा, वा" करत खात होते. मुलीच्या काकांनी सहज विचारलं, "काऊन, कसे झाले पोहे?"

आणि प्रवीण बोलला! "मीठ नाई याच्यात."

सगळ्यांचे घास तोंडातच. बाबांनी याच्या मांडीला असा चिमटा काढला, की भाऊंची खुर्ची परवडली! चुलतभाऊ पांढराफटक. आणि तेवढ्यात आतून ती मुलगीच मिठाची वाटी घेऊन तरातरा बाहेर आली. "आई, मी केव्हाची सांगून राह्यली होती तुले!"

चुलतभाऊ जो हसत सुटला, तो लग्न ठरेपर्यंत हसतच होता.

*

आणि हा शेवटचा. पुण्याच्या एका लहानशा कंपनीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू. रोहण्याला नेट दगा देईल म्हणून प्रवीण क्लासच्या खोलीत बसला. आत तो एकटा. बाहेर गॅलरीत खिडकीशी भाऊ, स्नेहल आणि मी, एकावर एक लटकलेले. मला तर माझ्या स्वतःच्या इंटरव्ह्यूलाही एवढी धडधड झाली नव्हती!

लॅपटॉपवर एक मिशीवाले सर. त्यांनी त्यांचं ॲप उघडून दाखवलं. "आमच्या पोरांनी दिवसरात्र खपून बनवलंय. कसं वाटतंय?"

प्रवीणचं तोंड उघडलं. आम्हाला त्याच्या ओठांवर 'मस्त' मधला 'म' दिसला. स्नेहलने माझ्या हातात नखं रुतवली.

"मेहनत दिसते सर," प्रवीण म्हणाला. "पण चुका आहेत."

आणि मग तो थांबेचना! एकेक चूक सांगायचा, पुन्हा करून दाखवायचा, कुठे काय व्हायला हवं होतं ते सांगायचा. खिडकीत भाऊ आनंदाने माझीच पाठ बडवत होते.

सर मिशीतल्या मिशीत हसले. मग ते गंभीर होऊन काहीतरी सांगू लागले. बराच वेळ. हातवारे करून. आणि आवाजच येईना! सर म्यूटवर होते. आणि आमचा प्रवीण? मोठ्या माणसाला मध्येच तोडायचं नाही ना, म्हणून मान हलवत होता. हो सर. बरोबर सर. हाव सर.

"गेलं रे बापा!" भाऊ डोकं धरून खालीच बसले.

आणि प्रवीणची मान थांबली. त्याने हात वर केला.

"सर, माफ करा. तुमचा आवाज येत नाही. आणि मी मघापासून मान हलवतोय ना, तेही चुकीचं आहे. मला एक शब्दही ऐकू आलेला नाही."

सर बोलायचे थांबले. मग त्यांनी शांतपणे हात पुढे करून एक बटण दाबलं.

"आता येतोय आवाज?"

"येतो सर."

"मग नीट ऐका. तुमचं काम पक्कं. सोमवारी पुण्यात हजर व्हायचं. काही अडचण?"

स्नेहल माझ्या गळ्यात पडली. भाऊ खिडकीतून दोन्ही हातांनी खुणा करत होते, नाही म्हण, काही अडचण नाही म्हण! प्रवीणने आमच्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि ताठ बसला.

"आहे ना सर. सोमवार चुकला तुमचा. सोमवारी पोळा आहे."