बसवलेली माणसं

आमच्या भिलाईच्या मराठीत गणपती बसवतात आणि माणूसही बसवतात. हिंदीत 'बैठा दिया' म्हणतात, त्याचं आमच्या लोकांनी घरी आणता आणता 'बसवलं' केलं. कामावरून काढलं असं कोणी म्हणत नाही. काढलेला माणूस दुसरीकडे जायला मोकळा असतो. बसवलेल्याला मालकाने सांगितलेलं असतं, बैठो, ऑर्डर आएगा तो बुलाएंगे. माझी नागपूरची मावसबहीण एकदा फोनवर म्हणाली, "बसवलं म्हणजे? खुर्चीवर?" मी म्हटलं, हो बाई, सिंहासनावर.

सासरे भंडाऱ्याकडची शेती सोडून इथल्या स्टील प्लांटमध्ये लागले होते. नवऱ्याच्या वेळेपर्यंत तशी भरती उरली नव्हती. तो पावर हाउस बाजाराजवळच एका लहान फाउंड्रीत लागला. रेतीचे साचे करायचे आणि त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, एवढाच तो कारखाना. लोखंड नेण्याची बादली, तिला ते लेडल म्हणतात, लांब दांड्यांमध्ये बसवलेली असते आणि दोघांनी पुढून-मागून उचलायची असते. नवरा पुढे, त्याचा जोडीदार मागे. पुढच्याची पाठ लोखंडाकडे असते, त्याला मागचं दिसत नाही. म्हणून पुढच्याने विचारायचं, "चल?" आणि मागच्याने "चल" म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. दोघं वर्षानुवर्षं असेच चालत होते.

किमान मजुरीचा नवा दर लागू झाला तेव्हा बाजारात मंदी होती. आमच्या घरात त्यावरून रोज खडाजंगी. मुलगी कॉमर्सला, नेहरू नगरच्या क्लासला जाणारी. ती म्हणायची, "आई, मंदी में तो और बढ़ाना चाहिए. लोकांच्या हातात पैसा आला तरच ते खर्च करतील ना." नवरा म्हणायचा, "तुह्या पुस्तकातल्या लोकायले कामावर ठेवते कोन, ते लिहिलं हाय का त्यात?" मी मुलीच्या बाजूने होते. आजही आहे. तेल, डाळ, गॅस मंदी बघून स्वस्त होत नाहीत, मग मजुरीनेच काय घोडं मारलं?

मालकाने सगळ्यांना उभं करून विचारलं. जुन्या दराने सगळे राहा, किंवा नव्या दराने निम्मे. तो अगदीच लबाड नव्हता. गाडी विकून स्कूटरवर यायला लागला होता, आणि शेजारच्या शेडांना एकामागून एक कुलपं लागत होती, हे मीही बघत होते. माणसांनी नवा दर मागितला. हक्काचं कोण सोडेल? शिवाय प्रत्येकाला वाटलं, बसवतील तो दुसरा. मालकाने चौघांना बसवलं. त्यात जोडीदार होता. नवरा आत राहिला. मालकाने लेडलच्या मागच्या दांड्याखाली एक चाकाची घोडी लावून दिली आणि म्हणाला, अब अकेला खींच लेगा.

मी घरी साड्यांना फॉल-पिको करते आणि पावर हाउसच्या दुकानात नेऊन देते. वाटेतच फाउंड्रीची गल्ली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी गाठोडं घेऊन तिथेच थांबले. चौघं बसवलेले फाउंड्रीसमोरच्या भिंतीला टेकून बसले होते. अंगात कामाचे कपडे, बाजूला डबा. मालकाने बसा म्हटलं होतं, म्हणून ते रोज येऊन बसत होते. बोलत नव्हते, तंबाखू मळत नव्हते. आत जेवणाची सुट्टी झाली की डबे उघडायचे, आत काम सुरू झालं की बंद करायचे. बंद शेडांमुळे गल्ली इतकी गप्प होती की रेती चाळल्याचा आवाज बाहेर येई.

तेवढ्यात आतून नवऱ्याचा आवाज आला. "चल?"

"चल," भिंतीपाशी बसलेला जोडीदार म्हणाला.

त्याने दोन्ही मुठी पुढे धरल्या होत्या, आणि हातांच्या शिरा वजन उचलल्यासारख्या तट्ट फुगल्या होत्या. आतली घोडी करकरत पुढे गेली. ती थांबल्यावर त्याने हात खाली केले. मी म्हटलं, "भाऊजी, हे काय?" तो म्हणाला, "काही नाही वैनी. सवय." पण माझ्याकडे बघितलं नाही.

घरी नवऱ्याला विचारलं तर तो चिडला. मग जेवता जेवता स्वतःच म्हणाला, "तो बोलला की मागून वजन कमी लागते. खोटं नाही सांगून राहिलो." मी विषय वाढवला नाही. भूतबाधा मानणारी मी नाही, पण त्या दिवसानंतर साड्यांचं गाठोडं घेऊन मी लांबच्या रस्त्याने जायला लागले.

एक दिवस उन्हाचा कंटाळा केला आणि गल्लीतून गेले. भिंतीपाशी तिघंच होते. जोडीदाराच्या जागेवर नुसती त्याची बसायची वीट. बाकीच्यांनी सांगितलं, तो गोंदियाला गेला, त्याच्या मामेसासऱ्याची तेरवी आहे. मी बरं म्हटलं आणि निघाले.

आतून आवाज आला, "चल?"

"चल."

मी त्या तिघांच्या तोंडाकडे बघत होते. एकाचंही तोंड हललं नाही. आवाज जोडीदाराचा होता, तोच जाड, जरा घोगरा. घोडी करकरत गेली. ते तिघंही विटेकडे बघत होते, आणि त्यांनी ऐकलं होतं हे मला त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. मी जवळजवळ पळतच दुकान गाठलं.

नवऱ्याला सांगू नये असं वाटत होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही. सांगितलं. त्याचा घास हातात राहिला.

"तो नव्हता?"

"गोंदियाला होता."

"मंग मले उत्तर कोनं देल्लं?" तो म्हणाला. "पाठीमागं इतकं लोखंड घेऊन मी कोनाच्या भरवशावर चाललो?"

मी त्याला इतकं घाबरलेलं कधीच पाहिलं नव्हतं. बाळंतपणात माझं काही खरं नाही म्हणून डॉक्टरने सांगितलं होतं, तेव्हाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले. जोडीदार परत येऊन आपल्या जागी बसला होता. आत भट्टीतून लेडल भरल्याचा आवाज झाला, आणि पुढे काहीच नाही. नवऱ्याने विचारलंच नाही. मग मालकाचा आरडाओरडा ऐकू आला. नवऱ्याचा आवाज शांत होता. "जोडीदार आत आल्याबिगर मी उचलत नाही."

ओतायला उशीर झाला की लोखंड लेडलमध्येच गोठतं, मालही जातो आणि लेडलही. मालकाने धाडकन दार उघडलं. आतला तांबडा उजेड गल्लीत पडला. "अरे, आ जल्दी!"

जोडीदार उठून उंबऱ्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला. "किस रेट से?"

"पहले उठा, माल जम रहा है!"

तो हलला नाही. आत माझा नवरा दांड्यापाशी उभा होता. उजेड तांबड्याचा मळकट होत चालला होता. भिंतीपाशी बसलेल्यांचे श्वाससुद्धा मला ऐकू येत होते. मी मनात म्हणत होते, जाऊ नको, अजून जाऊ नको.

"नया," मालक म्हणाला. "बोल दिया ना. नया रेट."

जोडीदार आत गेला. "चल?" "चल." दोन्ही आवाज आतून आले. मला इतका आनंद झाला की तिथेच रडू फुटलं. घरी गेल्यावर मुलीला काय काय सांगायचं ते मी जुळवायलाही लागले.

डोळे पुसून गाठोडं उचलते तोच दार पुन्हा उघडलं. साचे करणारे म्हातारे काका बाहेर आले. नवऱ्याला कामाला लावणारे तेच, म्हणून ते मला सूनबाई म्हणत. त्यांच्या हातात डबा होता. आतून मालकाचा आवाज येत होता, थकलेला, जवळजवळ विनवणीचा. "काका, नए रेट में इतने ही बैठते हैं. आप थोड़े दिन बैठो."

काका भिंतीकडे बघत उभे राहिले. त्यांना राग आलेला दिसत नव्हता. नवीन शाळेत पोर गोंधळतं तसे गोंधळले होते. मग माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "सूनबाई, त्याची जागा कोनती होती?"

मी हात करून वीट दाखवली.