हनुवटीवरचे केस आणि बसलेला आवाज

जागृती लेसरच्या बेडवर आडवी झाली होती. डोळ्यांवर काळा गॉगल, हनुवटीवर आणि गालांच्या कडेला गार जेल. मशीन तयार होतं, हँडपीस माझ्या हातात होता. तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, पहिल्याच सिटिंगला फरक पडेल ना? लग्न आहे माझं."

मी हात मागे घेतला. डोळे मिटून ऐकलं असतं तर एखादा मुलगा बोलतोय असं वाटलं असतं. सर्दी झालीय का, असं मी विचारलं. तिनं नाही म्हणून सांगितलं. लाइव्हमध्ये ओरडून आवाज बसलाय, एवढंच.

सुरतच्या कापड मार्केटमध्ये ती एका साडीच्या दुकानात कामाला होती. दुपारभर मोबाइलसमोर उभं राहून साड्या उलगडून दाखवायच्या आणि गावोगावच्या गिऱ्हाइकांशी बोलायचं. त्याला ती मंडळी लाइव्ह म्हणतात. हल्ली ती मास्क लावून लाइव्ह करत होती. धुळीची ॲलर्जी आहे, असं तिनं शेठला सांगून ठेवलं होतं.

"आवाज कधीपासून बसलाय?"

"दिवाळीपासून."

"आणि हे केस?"

"ते पण तेव्हापासूनच. आधी काहीच नव्हतं. आता रोज रेझर लागतो."

पाळीबद्दल विचारलं. ती हळूच म्हणाली, काही महिने आलीच नाही. लग्नाचं टेन्शन असेल. मी तिचा गॉगल काढला. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवर केस विरळ झाले होते. मी जेल पुसून टाकलं आणि आज लेसर होणार नाही, असं सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग होता.

हे जरा समजावून सांगते. बायकांच्या हनुवटीवर केस येणं यात जगावेगळं काही नाही. बहुतेकींना ते घराण्यातून येतात किंवा पीसीओडीमुळे, म्हणजे हार्मोनच्या एका नेहमीच्या बिघाडामुळे. पण ते वयात येताना सुरू होतात आणि हळूहळू वाढतात. लेसरचा प्रकाश केसातला काळा रंग शोषून घेतो, त्याची उष्णता मुळापर्यंत जाते आणि मूळ जळतं. मात्र मूळ जळालं तरी शरीरात पुरुषी हार्मोन भरमसाट तयार होत असतील, तर शेजारच्या बारीक लवेचे जाड केस व्हायला वेळ लागत नाही. काही महिन्यांत दाढी, फुटलेला आवाज आणि थांबलेली पाळी एकत्र आली, की पोटात कुठेतरी गाठ असू शकते. अंडाशयात किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत. अशा केसेस फार थोड्या. मी त्या पुस्तकात वाचल्या होत्या. समोर एकही आली नव्हती. त्यामुळे मला खात्री नव्हती, नुसती भीती होती.

आमच्या स्किन क्लिनिकचे मालक डॉक्टर हिरेनभाई; मी त्यांच्याकडे नोकरी करणारी डॉक्टर. जागृतीची पहिली तपासणी त्यांनी केली होती. तेव्हा सगळं बोलणं तिच्या आईनं केलं होतं आणि ही मास्क लावून शेजारी बसली होती. माझं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "मॅडम, पीसीओडी असेल. गोळ्या चालू करा, लेसरही चालू ठेवा. दोन्ही बरोबर चालतं."

त्यांचं तसं चुकत नव्हतं. बहुतेक पेशंटच्या बाबतीत आम्ही तेच करतो. मी म्हटलं, "सर, सिटिंगने चेहरा साफ दिसला की ही लग्न करून जाईल. मग हिला तपासायला कोण बसवणार?"

ते म्हणाले, रक्त तपासा, पण पेशंट दुसरीकडे गेली तर उत्तर तुम्ही द्यायचं.

रिपोर्ट आला. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे तोच पुरुषी हार्मोन, पुरुषाइतकं होतं. मी मायलेकींना बोलावून घेतलं आणि सोनोग्राफी करावी लागेल म्हणून सांगितलं. जागृतीची आई अंमळनेरकडची. नवऱ्याबरोबर सुरतला आली, तो कडोदऱ्याला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला आणि घर कोसाडला. मी मूळची धुळ्याची हे कळल्यापासून माझ्याशी मोकळी झाली होती. सोनोग्राफीचं नाव काढताच चेहरा उतरला.

"ताई, कुवारी पोरनी पोटनी सोनोग्राफी? लोके काय म्हनतीन?"

मला तिची अडचण कळत होती. जागृतीच्या होणाऱ्या नवऱ्याची आत्या त्यांच्याच वसाहतीत, शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायची. लग्नाच्या तोंडावर मुलीच्या पोटाची सोनोग्राफी म्हणजे लोक एकच अर्थ काढणार. ती कुठेही कळू न देता करता येईल, लांब अडाजण भागात माझ्या ओळखीची डॉक्टर आहे, असं मी परोपरीनं सांगितलं. आई उठून उभी राहिली. लेसर करणार असाल तर करा, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो, म्हणाली. लेसर करणारे शहरात पुष्कळ होते. मला तेच भय होतं.

दोन दिवस फोन उचलला गेला नाही. तिसऱ्या दिवशी जागृती एकटीच आली, दुकानातून परस्पर. तिनं मास्क काढला आणि सरळ विचारलं, "मॅडम, मला कॅन्सर आहे का?"

"माहीत नाही. म्हणूनच बघायचंय."

"चला मग."

मी तिच्याबरोबर गेले. सोनोग्राफी झाली. रिपोर्ट नॉर्मल.

संध्याकाळी आईचा फोन आला. ओरडली नाही. शांतपणे म्हणाली, माझ्या पोरीला उगाच घाबरवलंत. हिरेनभाई म्हणाले, झालं समाधान, आता लेसर सुरू करा. मीही तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. थांबावं, असं माझ्याही मनात आलं. पण मग रक्तातलं टेस्टोस्टेरॉन येत कुठून होतं? मी सोनोग्राफीवाल्या डॉक्टरला फोन लावला. तिनं प्रामाणिकपणे सांगितलं की पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत अंडाशयातली छोटी, घट्ट गाठ निसटू शकते. एमआरआय करा.

हे जागृतीला सांगणं मला सगळ्यांत जड गेलं. एकदा नॉर्मल निघाल्यावर पुन्हा तपासा म्हणायचं आणि तेही नुसत्या संशयावर. तिनं ऐकून घेतलं. मग तिथेच बसून होणाऱ्या नवऱ्याला फोन लावला आणि सगळं सांगितलं. केस, रेझर, पाळी, सगळं. तो सुरतजवळच्या सचिन गावात एका केमिकलच्या कारखान्यात कामाला होता. घरी विचारून सांगतो, असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

एमआरआयमध्ये डाव्या अंडाशयात बोराएवढी गाठ दिसली. त्याच संध्याकाळी आत्या कोसाडला त्यांच्या घरी आली आणि लग्न मोडल्याचं सांगून गेली. आईनं मला फोन करून दोन्ही बातम्या एकदमच दिल्या. "तुमच्यामुळे झालं," म्हणाली. मी तिला ऑपरेशनसाठी सर्जनचा नंबर दिला.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. डावं अंडाशय काढलं, उजवं ठेवलं. गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट आला. गाठ अंडाशयाबाहेर पसरलेली नव्हती. पुढे औषधं लागणार नाहीत, फक्त नियमित तपासणी, असं सर्जननं सांगितलं. टेस्टोस्टेरॉन खाली आलं. पाळी सुरू झाली. आधी आलेले केस मात्र आपोआप जात नाहीत, ते तसेच राहिले.

पावसाळ्यानंतर दोघी पुन्हा क्लिनिकला आल्या. या वेळी मी लेसर केलं. नवीन केसांना कोणी खतपाणी घालत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक सिटिंगला फरक दिसत गेला. आवाज पूर्वीसारखा झाला नाही. एकदा घशातले स्वरतंतू जाड झाले की बऱ्याचदा तसेच राहतात, हे मी तिला आधीच सांगितलं होतं. जागृती मास्क न लावता लाइव्ह करते. गिऱ्हाइकं आवाजावरून तिला ओळखतात, म्हणाली. लग्नाचं तिनं काढलं नाही, मीही विचारलं नाही. आई बाहेरच्या बाकावर बसून असायची. शेवटच्या सिटिंगला तिनं माझ्या टेबलावर आमच्या खानदेशातल्या कळण्याच्या भाकरीच्या पिठाची पिशवी ठेवली आणि निघून गेली.

हिरेनभाईंनी त्यानंतर क्लिनिकमध्ये एक पद्धत पाडली. पहिल्या तपासणीला प्रश्नांची उत्तरं पेशंटनेच द्यायची. बरोबर आलेल्या माणसाला बाहेर चहा मिळतो.