छकुलीचा आवाज

चष्मा कपाळावर सरकवायचा, समोरच्या घाबरलेल्या आईकडे बघायचं आणि शांतपणे म्हणायचं, "वयाला धरून आहे." बाईंचं निम्मं डॉक्टरी आयुष्य या एका वाक्यावर गेलं असावं. मूल जेवत नाही, भिंतीवर डोकं आपटतं, शाळेच्या नावानं पोट दुखतं. बाई तपासायच्या, नीट तपासायच्या आणि मग चष्मा वर जायचा.

त्या मुलांच्या डॉक्टर. मूळच्या अकोल्याच्या, पण चंदीगडच्या सरकारी दवाखान्यात नोकरी करता करता इथल्याच झालेल्या. खालच्या मजल्यावर त्या एकट्या राहत, वर मी भाडेकरू, कॉलेजात इतिहास शिकवणारी. अख्ख्या सेक्टरच्या त्या "डॉक्टर आंटी", माझ्या मात्र नुसत्या बाई. निवृत्त झाल्या तरी संध्याकाळी फाटकाशी कुणीतरी मूल कडेवर घेऊन उभं असायचंच. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. त्यांच्याकडे गेलं की निम्मा आजार फाटकाबाहेरच राहतो.

समोरच्या घरातल्या हवाईदलातल्या कुटुंबाची बदली झाली आणि त्यांच्या मुलीनं जत्रेतून आणलेलं बदकाचं पिल्लू बाईंकडे आलं. "आंटी, बस दो दिन," असं ती मुलगी म्हणाली होती. पिवळा लोकरीचा गुंडा होता तो. बाईंनी त्याचं नाव छकुली ठेवलं. मागच्या अंगणात कपडे भिजवायचा जुना टब पाण्यानं भरला. छकुली बाईंच्या निळ्या चपलांमागून दिवसभर फिरायची. बाई थांबल्या की थांबायची, बाई पेपर वाचायला बसल्या की चपलेवर मान टाकून झोपायची. बाईंचा मुलगा त्यांना पुण्याला बोलवायचा, तर बाई फोनवर सांगायच्या, "बदक काय तू सांभाळशील?"

थंडी सुरू झाली तोवर छकुली पांढरीशुभ्र झाली होती. एका सकाळी बाई धापा टाकत जिना चढून आल्या.

"तिचा घसा गेला बापा. आवाजच फुटत नाही. नुसतं घोगरं, फुसफुस."

"वयाला धरून असेल," मी म्हटलं.

"तुले काय कळते? तू इतिहासवाली."

त्यांनी टॉर्च आणि चमचा घेऊन छकुलीचा घसा बघायचा प्रयत्न केला होता. बोटाला चिंधी बांधलेली होती. टॉवेलात गुंडाळून आम्ही तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तरुण सरदारजी डॉक्टरांनी तिला उलटसुलट पाहिलं, शेपटीवरचं एक वर वळलेलं पीस बोटानं दाखवलं आणि हसू दाबत म्हणाले, "गला ठीक है जी. मुंडा है, लड़का. जवान हो रहा है. मादा शोर करती है, नर ऐसे ही फुसफुसाता है."

रिक्षात बाईंनी छकुलीभोवतीचा टॉवेल नीट केला. मग म्हणाल्या, "जन्मभर आयांना हेच सांगत आले. आज फी देऊन ऐकून आले." आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. छकुली हे नाव मात्र बदललं नाही.

उन्हं तापायला लागली तसा छकुलीचा स्वभाव पालटला. तो माळ्याच्या पायजम्याला लटकायचा, माझ्या टाचेला चावायचा. बाई अंगणात आल्या की मात्र मान खालीवर करत त्यांच्याभोवती घिरट्या घालायचा आणि चप्पल चोचीत धरून तिच्यावर चढायला बघायचा. मी म्हटलं, याला वेड लागलं. बाई आठवडाभर वेताच्या खुर्चीत बसून त्याला बघत राहिल्या.

"वेड नाही," एक दिवस त्या म्हणाल्या. "जोडीदारीण शोधतोय. लहानपणापासून मलाच पाहिलं ना, त्याला वाटतं मी बदक आहे. असं एकट्याला ठेवणं बरं नव्हे."

"आणि तुम्ही एकट्या?"

"माझं काय? मी काय टबात पोहते?"

त्याच सरदारजी डॉक्टरांनी मोहालीपलीकडच्या एका गावातलं तळं सुचवलं. तिथे एका शेतकऱ्यानं बदकं पाळली होती, माद्याच जास्त. गाडीत बाईंनी छकुलीला मांडीवर घेतलं. वाटभर त्या खिडकीबाहेर बघत होत्या, हात मात्र त्याच्या पाठीवर.

तळ्याकाठी खाली ठेवल्यावर तो वळून पुन्हा त्यांच्याच पायाशी आला. निळी चप्पल चोचीनं ओढायला लागला. बाईंनी पाय मागे घेतला नाही. तेवढ्यात पाण्यातून एक मादी खणखणीत ओरडली. त्यानं मान ताठ केली. मग डुलत डुलत गेला, पाण्यात शिरला आणि पांढऱ्या गर्दीत मिसळला. एकदाही वळला नाही.

"वयाला धरून आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज छकुलीसारखाच घोगरा झाला होता. मी गाडीकडे वळले तर म्हणाल्या, "जरा थांबू या. उगीच, आलाबिला तर."

ऊन कलेपर्यंत आम्ही तिथे उभ्या होतो.

पुढच्या हिवाळ्यात, धुक्याच्या एका सकाळी बाई गेल्या. मूल झोपी जावं तशा, त्रास न देता. मुलानं येऊन घर रिकामं केलं. मागच्या दाराशी निळ्या चपला तशाच राहिल्या, एकीचा पट्टा कुरतडलेला.

परवा मी त्या तळ्यावर गेले. कुणाला तरी सांगायला हवं होतं. पाण्यात वर वळलेल्या पिसांचे बरेच नर होते, सगळे सारखेच. "छकुली," मी हाक मारली. आवाज नीट फुटला नाही. एकाही बदकानं मान वळवली नाही.

रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. मी त्याला हातानं खूण केली, जरा थांबू या.